पन्नास हेडर, मग न्याहारी

सर कोणाचं तोंड बघत नसत, कपाळ बघत. नवीन माणूस भेटला की आपण नमस्कार करतो, फार तर हात पुढे करतो. सर दोन पावलं पुढे येत, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवत आणि त्याच्या कपाळावर टकटक करत. फणस पिकला का ते बघावं तसं. मग निकाल देत. “भरीव हाय.” किंवा, “पोकळ. विंगला खेळवा.” चर्चमध्ये नवीन फादर बदलून आले तेव्हा पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर सरांनी त्यांच्याही कपाळावर टकटक केली होती. फादर भरीव निघाले आणि गावाच्या जिवात जीव आला.

सर कुठल्याही शाळेत शिक्षक नव्हते. सातिवलीच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, तिथूनच रिटायर झाले. पण सकाळी कामाला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ते भुईगावातल्या आमच्या मंडळाच्या मैदानावर फुटबॉल शिकवत, म्हणून सगळ्या गावाचे सर. पस्तीस वर्षं शिकवलं. त्यातली चौदा वर्षं मी त्यांचा स्टॉपर होतो. स्टॉपरनं गोलच्या पुढ्यात उभं राहायचं आणि वरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्यानं परत पाठवायचा. दुसरं काही मला येतही नव्हतं.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. ज्या माणसानं गावातल्या दोन पिढ्यांना डोक्यानं चेंडू मारायला शिकवलं, त्यानंच म्हातारपणी हट्ट धरला की लहान मुलांना हेडर बंद करा. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती, आणि नेमकी तीच ऐकून आम्ही त्यांना वेड्यात काढलं. आम्ही म्हणजे मंडळाची कमिटी. कमिटीचा सेक्रेटरी मी. माझी मुलगी, वय वर्षं अकरा, त्याच लहान मुलांत खेळत होती. यावरून सेक्रेटरीच्या हुशारीचा अंदाज यावा.

आमच्या वेळची पद्धत अशी होती. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड. त्याच्या एका आडव्या फांदीला काथ्याच्या दोरीनं चामड्याचा चेंडू टांगलेला. सकाळी प्रत्येकानं त्याला पन्नास वेळा डोक्यानं मारायचं, मग न्याहारी. न्याहारी म्हणजे पाव, उकडलेलं अंडं आणि सरांच्या वाडीतली केळी. चाळीसच्या पुढे ज्याची नजर केळ्यांकडे गेली त्याची मोजणी पुन्हा एकपासून. चेंडू टिकावा म्हणून सर त्याला खोबरेल चोळत. तो तेल पीत असे, दव पीत असे आणि पावसाळाभर चिखलाचं पाणीही पीत असे. ऑगस्ट उजाडेपर्यंत तो असा काही जड व्हायचा की नवीन मुलगा पहिल्या हेडरलाच मटकन खाली बसायचा. सर खूश होऊन म्हणत, “लेदर सेट झालं.”

एकदा कोणाच्या तरी आईनं धीर करून विचारलं होतं की सर, पोरांच्या मेंदूला काही होणार नाही ना. सरांनी तिच्या हातात शहाळं दिलं आणि हलवून बघायला सांगितलं. “आत पानी हालतं ना? शहाळं फुटलं का? नाय ना? झालं तर मग.” बाई शहाळं घेऊन घरी गेली. वैद्यकीय सल्ला मिळाला, वर शहाळंही मिळालं.

सर कोणाला नावानं हाक मारत नसत. ज्याची जी जागा तेच त्याचं नाव, आणि ते जन्मभराचं. मी स्टॉपर. पास्कल सेंटर. पोस्टमन लेफ्ट आउट, कारण तो पत्र कधीच सरळ दारात देत नसे, डाव्या बाजूच्या खिडकीतून टाकायचा. आंटीला, म्हणजे सरांच्या बायकोला, ते गोलकीपर म्हणत. “माज्या घरात सगलं तिच्यापाशी येऊन थांबतं,” असं त्याचं कारण द्यायचे. आंटी सरांचा हात मात्र वेळेवर धरायची. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सर आमच्याबरोबर मुलगी बघायला आले होते. कांदेपोहे यायच्या आत ते उठले, मुलीजवळ गेले आणि बोट वाकवलं. आंटीनं ते बोट हवेतल्या हवेत पकडलं. तरी जाता जाता सर मुलीच्या वडिलांना म्हणालेच, “कपाल एकदम स्टॉपरचं हाय. जोडी जमंल.” बायको आजही भांडणात ते वाक्य काढते.

या सवयीचा एक तोटा पुढे झाला. सर खरोखर नावं विसरायला लागले, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. ज्यांनी कधी नाव घेतलंच नाही, ते नाव विसरले हे कळणार कसं?

डोक्याला मार लागला तर काय करायचं, याचंही सरांचं शास्त्र ठरलेलं होतं. आधी नाकाला फोडलेला कांदा. पोरगा डोळे उघडून बसला की सतराचा पाढा. “बाराचा कोनालाबी येतो,” म्हणून सतराचा. टीममध्ये यायचं तर तो पाठ पाहिजे ही अट होती. सतरा एके सतरापासून एकशे सत्तरपर्यंत न अडखळता म्हटलं की पोरगा ठीक, जा मैदानात. आम्ही तो इतका घोकला होता की झोपेत कोणी गुदगुल्या केल्या असत्या तरी म्हटला असता. शाळेत गणितात नापास होणारी मुलंही सतराच्या पाढ्यात सरांच्या हाताखाली पास होत.

पास्कल आमचा सेंटर फॉरवर्ड. अंगानं काटकुळा, पण हवेत उडाला की खाली यायचं विसरून जायचा. मे महिन्यातल्या गावच्या टूर्नामेंटमध्ये, सेमीफायनलला, तो एका कॉर्नरला उडाला आणि त्याचं डोकं गोलपोस्टच्या खांबावर आपटलं. आवाज पार चर्चच्या पायरीपर्यंत गेला म्हणतात. कांदा आला. पास्कलनं डोळे उघडले. सर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “सेंटर, चालू कर.” पास्कलनं डोळे आभाळात लावून पाढा म्हटला. एकदाही अडखळला नाही. सरांनी त्याची पाठ थोपटून त्याला आत पाठवलं. पाच मिनिटांनी पास्कल उडाला आणि त्यानं असा हेडर मारला की तसा मी पुन्हा पाहिला नाही. चेंडू थेट जाळीत. आमच्याच जाळीत. मग तो दोन्ही हात पसरून समोरच्या गावाच्या लोकांकडे धावत गेला आणि त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनीही त्याला प्रेमानं मिठी मारली, का मारू नये?

आम्ही हरलो. पंधरा दिवस गाव हसत होतं. सरांना विचारलं तर म्हणाले, “गोल चुकला, हेडर चुकला नाय.” ही गोष्ट आम्ही पुढे पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली. सांगताना पास्कलही हसायचा. त्याला त्यातलं स्वतःचं असं काहीच आठवत नव्हतं, तो आमच्याकडूनच ऐकून हसायचा. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे आता कळतं.

पण सरांवर राग धरता येत नाही, ही माझी अडचण आहे. बारावीत मी नापास झालो त्या दिवशी वडिलांनी पट्टा काढला होता. सर अंगणात येऊन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, “माज्या स्टॉपरला हात लावायचा तर आदी मला ओलांडा.” वडील ओलांडायला निघाले होते, पण सरांनी त्यांच्या कपाळावर टकटक केली आणि वडिलांना हसू आलं. तो दिवस टळला. वडील गेले तेव्हा सर माझ्याशेजारी नऊ दिवस येऊन बसले. अशा माणसानं पन्नास म्हटलं तर आम्ही साठ मारायचो. मला ते फार आवडायचे, आजही आवडतात.

पास्कल नालासोपाऱ्याला एका हार्डवेअरच्या दुकानात होता. वीस वर्षं तिथल्या गल्ल्यांतून मोटारसायकलवर माल पोचवायचा. नंबर नसलेल्या बिल्डिंगी, एकसारखे जिने, सगळं त्याला पाठ. पन्नाशी गाठायच्या आधीच तो त्या गल्ल्यांत हरवायला लागला. आधी रस्ता चुकायचा, मग खिळे मागितले की कडी द्यायचा, मग एक दिवस मालकाच्या कानाखाली वाजवली. पास्कलनं, ज्यानं कधी रेफ्रीलाही उलटं उत्तर दिलं नव्हतं! गावानं निदान करून टाकलं की पितो. तो पीत नव्हता. मग निदान झालं की बायकोनं काहीतरी केलं. गावाकडे निदानांची कमतरता नव्हती.

शेवटी त्याला मुंबईला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. सर म्हणाले, मी येतो. मी गाडी चालवायला होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांतपणे बोलायच्या. त्यांनी विचारलं की डोक्याला कधी मार लागला होता का. सर म्हणाले, “एकदाच. खांब लागला.” मग बाईंनी विचारलं की खेळायचे का, काय खेळायचे, हेडर मारायचे का. “म्हंजे काय,” सर छाती काढून म्हणाले, “रोज पन्नास.”

बाईंनी लिहिणं थांबवलं. रोज, किती वर्षं, कसला चेंडू, असं एकेक विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या की ह्यांच्या बाबतीत त्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांनी हा धोका वाढतो असं आता मानतात. मोठाच मार लागायला हवा असं नाही, आणि लहान मुलांना तर जपायलाच हवं. परदेशात काही ठिकाणी लहान मुलांना हेडर बंदच केलाय. सरांनी टेबलावरच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं पन्नास लिहिलं, त्याखाली सहा दिवस लिहिलं, मग बावन्न आठवडे, आणि गुणाकार तिथेच सोडून पाकीट खिशात टाकलं. येताना गाडीत ते पास्कलच्या शेजारी मागे बसले.

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागून तीन वर्षं होत आली होती. कधी साधा शब्द आठवायचा नाही. चमचा म्हणायचं असायचं आणि मी हवेत हात ढवळत बसायचो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तीन वेळा चष्मा बदलला. चष्मेवाला माझ्यावर फार खूश होता.

त्या दिवसापासून सर रोज चार वाजता पास्कलकडे जायला लागले. दोघं ओट्यावर बसत. सर त्याला केळं सोलून देत, तो खाई. आजही जातात. फरक एवढाच की आता सरांना तिथवर पोचवायला आंटी जाते.

पुढच्याच आठवड्यात झाडाचा प्रकार झाला. सकाळी सातच्या सुमारास मैदानाजवळ गर्दी. बघतो तर एकाहत्तर वर्षांचे सर चिंचेवर, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कोयता, आणि त्या आडव्या फांदीवर पोटावर पडून दोरी कापताहेत. खाली मुलं, आया, दूधवाला आणि मोबाइल. “सर, उतरा खाली!” मी ओरडलो. “आदी दोरी उतरू दे,” वरून उत्तर आलं. दोरी तुटली, चेंडू धप्पकन खाली पडला. सरांना उतरवायला माडावर चढणारा माणूस बोलवावा लागला. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

व्हिडिओची हवा विरते न विरते तोच सर एका सोमवारी सातिवलीला कामावर हजर झाले. रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती. ते काम करायचे तो कारखाना बंद होऊन तिथे आता डास मारायच्या रॅकेटी बनतात. वॉचमननं त्यांना आत सोडलं, कारण सरांच्या चालण्यात स्टोअरकीपरचा रुबाब होता. सर दुपारपर्यंत गोदामात रॅकेटी मोजत बसले. आंटी आणि मी त्यांना आणायला गेलो तेव्हा तिथला मॅनेजर म्हणाला की मोजणी अगदी बरोबर निघाली, रोज आले तरी चालेल. आंटी त्यावर हसली नाही. रिक्षात तिनं सरांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सगळा रस्ता त्यांचा हात धरून बसली.

तेव्हा सर विसरत होते, हे खोटं नव्हतं. आणि सर बरोबर होते, हेही खोटं नव्हतं. एका माणसाच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, एवढी अवघड गोष्ट आमच्या कमिटीला झेपणारी नव्हती.

टूर्नामेंटआधीची मीटिंग रविवारी दुपारी तीनला समाज हॉलमध्ये होती. आमचे अध्यक्ष जागा विकण्याचा धंदा करतात, त्यामुळे कोणाशीही बोलताना त्यांच्या आवाजात समोरच्याचं भलं करायला निघाल्याचा सूर असतो. शिवाय एक नवा कोच होता, विरारचा, पंचवीस-सव्वीसचा, मनगटावर घड्याळ असं की ते त्याच्या काळजाचे ठोके मोजायचं. सर दोन स्टीलचे डबे घेऊन आले. शेजारची म्हैस व्याली होती, म्हणून आंटीनं खरवस केला होता. आम्हाला वाटलं, सर खाऊ घेऊन आले.

सरांनी एक डबा टेबलावर ठेवला. दुसरा हातात धरला आणि त्याच्यावर तळहातानं जोरात थाप मारली. “एक.” पुन्हा थाप. “दोन.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. “तीन.” सरांनी मोजून पन्नास थापा मारल्या. पंचवीसनंतर त्यांचा तळहात लाल झाला होता, पस्तीसला अध्यक्षांनी चहा सांगितला. पन्नास झाल्यावर सरांनी डबा फिरवून सगळ्यांना दाखवला. “पोचा आला काय? नाय. आता आत बघा.” आत खरवसाचा चुरा झाला होता, कडेनं पाणी सुटलं होतं. मग पहिला डबा उघडला. त्यातली वडी अखंड होती. “शहाळ्याचं मी खोटं सांगितलं,” सर म्हणाले. “पोरांचं डोकं ह्ये असं असतं. बारा वरसांच्या खालच्या पोरांना हेडर बंद करा. माज्या हातून जेवढं झालं तेवढं बास झालं.”

अध्यक्ष फार मायेनं म्हणाले, “सर, चमचे मागवू का?”

आणि कमिटीनं पुरावा खाल्ला. दोन्ही डबे. चव छान होती, वेलची किंचित जास्त होती. मीही दोन चमचे खाल्ले.

खाताखाता नवा कोच म्हणाला, “सर, रिस्पेक्ट आहे तुमचा, पण विदाऊट हेडर फुटबॉल म्हणजे काय, कॅरम खेळायचा का मुलांनी?” सरांनी परदेशातल्या बंदीचं सांगितलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, “तिकडं थंडी असते, सर. त्यांची डोकी येगली.” मग ते माझ्याकडे वाकले आणि कानात म्हणाले, “सर ठीक नायत. बघच तू.” आणि मोठ्यानं, लहान मुलाला म्हणावं तसं, “सर, सतराचा पाढा येतो का अजून?”

सरांनी पाढा म्हटला. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत, एका दमात. अध्यक्षांचा चेहरा पडला, कारण त्यांना दुसरंच काही दाखवून द्यायचं होतं.

“येतो ना?” सर म्हणाले. “तिकडं सेंटरला पन येतो. काल म्हनून दाखवला त्यानं मला. बायकोचं नाव येत नाय, पाढा येतो. म्हंजे पाढा आला तर डोकं ठीक असतं, ह्ये मी कुठनं काढलं व्हतं? त्या पाढ्यावर मी किती पोरं आत पाठवली.” त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. “मलाबी येतो. मी पन ठीक नाय. ते तुमी बरोबर वळखलंत. पन मी सांगतो ते ऐका.”

यापेक्षा स्वच्छ बोलताना मी आयुष्यात कोणाला ऐकलेलं नाही. आणि तेवढ्यात अध्यक्षांनी हळूच मान हलवली, सगळ्यांनी हलवली. बघा, म्हणाले ना ते स्वतःच. ठराव मांडला गेला की सरांना प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती द्यावी, लहान मुलांची टीम नव्या कोचकडे द्यावी आणि टूर्नामेंटच्या बक्षीस समारंभात सरांचा शाल-नारळ देऊन सत्कार करावा. हात वर करा. हात वर झाले. माझाही झाला.

का झाला, ते मला तेव्हाही माहीत होतं. सर बरोबर आहेत असं मी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्या डोक्याचा होता. रोजचे पन्नास मीही मारले होते. सरांना वेडं ठरवलं की मी बरा ठरत होतो, एवढाच हिशोब. ठराव मी माझ्या हातानं लिहिला. अक्षर चांगलं आलं.

बाहेर आलो तेव्हा सर पायरीवर रिकामे डबे पिशवीत घालत होते. माझी नजर चुकवायची जागा नव्हती. त्यांनी विचारलं नाही की हात का वर केलास. त्यांनी विचारलं, “स्टॉपर, तुजं दुखतं का रे?”

“नाही, सर.”

ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले. बोट उचललं नाही. “पोरं असंच म्हनायची,” ते म्हणाले. “मी इचारायचो, पोरं नाय म्हनायची, आनि मला तेच आयकायचं असायचं.” मग पिशवी उचलून ते पास्कलच्या घराच्या दिशेनं चालायला लागले, कारण चार वाजत आले होते.

शनिवारी सकाळी मी मुलीला सोडायला मैदानावर गेलो. चिंचेच्या त्याच फांदीला नवी नायलॉनची दोरी होती आणि तिला हलका, गुळगुळीत, निळा-पिवळा चेंडू. नव्या कोचनं पालकांना समजावलं की हे सगळं सायंटिफिक आहे, जुन्यासारखं पन्नास वगैरे नाही, फक्त वीस. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलं रांगेत उभी राहिली. माझी मुलगी तिसरी होती, केस घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं. ते कपाळ तिनं तिच्या आईकडून घेतलंय.

पहिला मुलगा मारून बाजूला झाला. दुसरीची मोजणी सुरू झाली. मी जाऊन मुलीचा दंड धरला.

“पप्पा, काय करताय? सगळे बघतायत!”

“तू हेडर मारायचा नाहीस.”

कोच आला. “काय झालं, अंकल? तिला काही मेडिकल प्रॉब्लेम आहे का?” मागून अध्यक्ष आले, त्यांचा नातू रांगेत पाचवा होता. “अरे, ठराव तर तूच लिवलास,” ते हसत म्हणाले. “हात पन वर केलास. आता काय झालं?”

“केला,” मी म्हणालो. “खोटं बोललो. माझं डोकं दुखतं. रोज सकाळी. तीन वर्षं झाली. मला शब्द आठवत नाहीत. सर बरोबर बोलत होते आणि ते मला माहीत होतं.”

अध्यक्षांनी कोचकडे बघितलं. कोचनं घड्याळाकडे बघितलं. पालकांपैकी एक बाई चटकन माझ्यापासून बाजूला झाली. तो चेहरा मी ओळखला, गेल्या रविवारी हॉलमध्ये तोच चेहरा मीही केला होता.

मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती. “रोज?” तिनं विचारलं. “मम्मीला माहितीये?”

“नाही.”

तिनं माझा हात सोडवला नाही. ती रांगेतून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मागची मुलं तिची जागा भरायला एक पाऊल पुढे सरकली.